डोंग्याने दहा मिनिटं

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत
फवारणीचा पंप, जुने फलक, आणि माझा संगणक.
तीन दिवस झाले,
वैनगंगेपलीकडच्या उपकेंद्राच्या लसनोंदी
इकडे उमटत नाहीत.
यशोधरा गेडाम, तिथली नर्स, फोनवर म्हणते,
"भाऊ, हिरवा दिवा तर लागून आहे."

मी काळी खिडकी उघडतो.
ट्रेसराऊट, आणि पुढे तिच्या यंत्राचा आकडी पत्ता.

पहिल्या पुडक्याला एकाच टप्प्याचं आयुष्य.
ते कपाटावरच्या डब्यातच संपतं
आणि डबा कळवतो : माझ्यापाशी संपलं.
दुसऱ्याला दोन. ते ब्रह्मपुरीत.
तिसऱ्याला तीन.
असा मेलेल्यांच्या निरोपांवरून
रस्ता कळत जातो.

दुर्योधन डोंगेवाला
रहिवासी दाखल्यासाठी सकाळपासून बसलेला.
"कुठं पोचलं?"
नागपूर.
"नागपूर काहून?"
मग मुंबई. एकतीस मिलिसेकंद.
तो खिडकीतून हात लांबवतो,
"तो पिंपळ दिसते ना,
त्याच्या खालीच दवाखाना आहे बाप्पा!"

सातव्या ओळीत नुसत्या तीन तारका.
"बुडालं?"
तसंच काही नाही. आठवीकडून निरोप आलाय,
म्हणजे सातवीने पुढे जाऊ दिलं,
फक्त बोलली नाही.
त्याला हे लगेच पटतं.
"माझा मोठा भाऊ तसाच.
वर्षभर बोलला नाही, पण वल्हं धरते."

पुन्हा नागपूर. गडचिरोली. आरमोरी.
आणि मग तारका, तारका, तारका,
तिसाव्या ओळीपर्यंत पडदा भरून.
आरमोरीच्या पुढे कोणीच नाही.
हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच
की तिथे वीज आहे.

तक्रार लिहितो. क्रमांक मिळतो अकरा आकडी.
दुर्योधन उठतो, लुंगी खोचतो,
"वही आणून देऊ का तिची?
दाखला तवर काढून ठेवा."

परतीचा रस्ता या आज्ञेला कधीच दिसत नाही,
हे त्याला सांगायचं राहून गेलं.

खिडकीतून पाहतो :
डोंगा वाळूच्या बेटामागे जातो.

उत्तर नाही.
उत्तर नाही.
उत्तर नाही.

मग पल्याड, पिंपळाखाली,
कोणीतरी छत्री उघडतं.