नवख्यांची वाट

कारी तळ्याकाठच्या खानावळीत
एकतीस उन्हाळे मी खाश शिजवला.
रात्रभर मंद आचेवर गाईचे खूर,
पहाटे त्यात लसूण, वर वाळलेला लवाश कुस्करून,
आणि वाडगा ठेवता ठेवता गिऱ्हाइकाला तेच उत्तर :
"दक्षिणेचं शिखर ना? सोपं आहे.
नवख्यांची वाट ती. दोन तासांत वर."

मी स्वतः कधी गेले नव्हते.

वाट मला बुटांवरून ठाऊक.
तांबडी धूळ म्हणजे घसाऱ्यापर्यंत जाऊन आले,
काळा चिखल म्हणजे बर्फाच्या पट्ट्यापाशीच माघार.
फोटो दाखवत सुटतात ते खिंडीतून परतलेले.
जे काही न बोलता दुसरा वाडगा मागतात,
ते पोचलेले.

दुरून डोंगर साजरे म्हणतात.
मी दूर नव्हते, वरही नव्हते.
अरागात्स म्हणजे मला
भांडी घासताना खिडकीत अडकलेला एक करडा तुकडा,
जिकडून वारा यायचा
आणि नेमकी शेगडी विझवायचा.

परवा मंगळवारी गॅस संपला.
मालक वाराझदात टाकी आणायला खाली गेला.
मी कधी नव्हे ती रिकामी.
विसरलेल्या वस्तूंच्या खोक्यातून कुणा जर्मनाचे बूट काढले,
पुढे कागद कोंबला,
एप्रन खिळ्याला लावला.
खिशात एक उकडलेलं अंडं.

दम लागला नाही, इथल्याच हवेत फुप्फुसं मुरलीत.
गुडघे मात्र बोलू लागले,
आधी एक, मग त्याचं ऐकून दुसरा.

यझिदींच्या तंबूंवर, पाणी झिरपतं तिथे
झोझान भेटली, नऊ-दहा वर्षांची,
पायात प्लास्टिकच्या सपाता.
तिला इथे वाट आहे हेच माहीत नव्हतं.
मेंढ्या जातात तिकडून ती जाते.
मला वर चढताना पाहून म्हणाली,
"आजी, तुझं काय हरवलंय?"

खरंच, या उतारावर
हरवलेलं शोधायलाच माणूस येत असेल.
मला काही सुचेना.
"बघते," म्हटलं.

घसाऱ्यावर दोन पावलं वर, एक खाली.
एका जागी चक्क चार पायांवर गेले.
कुणी पाहिलं नाही, म्हणून सांगते.

आणि मग पुढे चढच उरला नाही.

पलीकडे एकदम पोकळी, विवराचं फुटकं भांडं,
त्याच्या काठावर उत्तरेचं शिखर,
ते नवख्यांचं नव्हे.
दक्षिणेला धुरकट उजेडात मासिस होता
की ढगच तसा बसला होता, देव जाणे.
मी त्याला शोधतही नव्हते.
मी शोधत होते आमचं पत्र्याचं छप्पर,
गळतीवर मीच तेलाचा डबा कापून ठोकलेला,
तो चमकला.
एवढंसं.
नखाने खरवडून निघेल एवढं.
आणि त्याखाली मी
एकतीस उन्हाळे वाकून उभी.

रडू येईल असं वाटलं, आलं नाही. भूक आली.
अंडं सोललं, चावलं,
अळणी.
मीठ आणायचं राहिलं.
जिच्या हातचं मीठ कधी चुकलं नाही
ती तीन हजार आठशे मीटरवर
अळणी अंडं खात एकटीच हसत बसली.

उतरले तेव्हा वाराझदात टाकी बसवत शिव्या देत होता.
दारात एक मुलगी, ग्युमरीहून आलेली,
बुटांना अजून दुकानाची चिठ्ठी.
"काकू, वाट सोपी आहे ना?"

जुनं उत्तर जिभेवर आलं
आणि तिथेच राहिलं.

"बस जरा," म्हटलं.
खाली बसून तिची नाडी सोडली,
घोट्यापाशी आवळून पुन्हा बांधली.
मग आत गेले,
कागदात चिमूटभर मीठ बांधलं
आणि तिच्या मुठीत दिलं.