पान एकशेबारा

पाणी पाचव्या दिवशी, पहाटे साडेतीनला येतं.
येतं असं म्हणायचं. कधी साडेचार होतात, कधी पाच.
नळासमोर बादली मांडून नुसतं किती बसणार,
म्हणून वही.

वही म्हणजे सायझिंग कारखान्यातली जुनी चलनं.
पुढच्या बाजूला सुताचा काउंट, बिमांची संख्या, माझीच सही;
मागच्या कोऱ्या बाजूला अनसूया.
एकतीस वर्षं हिशेब लिहिला. आकडा चुकला की लाल शाई.
इथं काय चुकलंय ते सांगायला ऑडिटर येत नाही.

वाचनालयातल्या सत्कारात कुणीसं म्हणालं,
हे तर शब्दांचं विणकामच!
मी मान हलवली. शाल घेतली, नारळ घेतला.
घरी येताना मल्लेशमला सांगितलं
तर तो मागावरून न उतरताच हसला,
"चादर वजनावर जाते बे. तुझं काय वजनावर जातंय?"
जातं की.
दिवाळीच्या आधी रद्दीवाला येतो.

सवयी म्हणाल तर,
खुर्ची भिंतीकडं तोंड करून.
खिडकीतून साखर पेठ दिसली की माणसं ओळखीची निघतात
आणि ओळखीच्या माणसाला मला मारता येत नाही.
पात्राचं नाव ठरलं की जिन्यात उभं राहून मोठ्यानं हाक मारायची,
कुणी ओ दिली तर नाव बदलायचं.
भूमय्या असं ओरडलो तेव्हा तिघं वर आले,
चहा करावा लागला.
शेंगाचटणी खाताना लिहायचं नाही हा नियम केला,
पाळला नाही.
आता तेलाचा डाग दिसला की कळतं,
या पानावर मी खुशीत होतो.
लाइट गेली, पलीकडचे माग थांबले,
की माझंही वाक्य थांबतं.
खडखडाटात लहानाचा मोठा झालो,
शांततेत मला काही ऐकू येत नाही.

एकशेबाराव्या पानावर अनसूया भावाच्या दारात उभी होती.
गड्ड्याच्या जत्रेत तिला तिथं उभी केली,
बाजारात आंबा आला तरी ती उभीच.
हात कडीपर्यंत जाई आणि खाली येई.
कडी बदलून पाहिली. दार बदललं.
भावाला आजारी पाडलं, परत बरा केला.

नरसव्वा खालच्या खोलीत विड्या वळते.
मराठी वाचता येत नाही तिला, पण ऐकते;
हात गुंतलेले, कान मोकळे.
मी वाचत होतो, ती पानं कातरत होती,
मध्येच सुपावरून मान न उचलता म्हणाली,
"ती बाई जेवली कधी?"

मागं गेलो.
एकाहत्तरवर ती भिवंडीहून येऊन स्टेशनात उतरली.
चौऱ्याहत्तरवर चहा,
तोही अर्धा टाकला, कारण मला संवाद हवा होता.
नव्वदवर रडली. शंभरवर निर्धार केला.
एक्केचाळीस पानं, त्रेचाळीस डिग्री ऊन,
आणि पोटात एक घास नाही.
"भावाशी भांडायला अंगात ताकद नको?"
नरसव्वानं कट्टा बांधला, दोरा दातानं तोडला.

मग एक चलन फाडून घातलं, त्र्याऐंशी-अ.
कन्ना चौकाच्या अलीकडं एक हातगाडी उभी केली,
तिच्यावर कडक भाकरी, दही, चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा.
अनसूयेनं दीड खाल्ली.
उरलेली अर्धी पदराच्या टोकाला बांधली.
कुणासाठी, ते मला अजून ठाऊक नाही.

आज पहाटे तिनं कडी वाजवली.
आतून पावलं आली. लहान वाटली.
कोण उघडतंय ते लिहायला पेन टेकवलं
तोच नळ खाकरला,
आधी हवा, मग गढूळ पाणी, मग धार.
उठलो.

वाक्य तसंच आहे टेबलावर, क्रियापदाविना.
पाच दिवस दम धरेल ती.
जेवलेली आहे.