दोन बोटांचे वीस टक्के

बर्फ फोडायच्या यंत्रात हात गेला त्या दिवशी
देवगड बंदरात बांगडा इतका आला होता
की माझी दोन बोटं कुणी शोधली नाहीत.
लादी चुरली, टपात पडली, टप होडीवर गेला.

तिसऱ्या दिवशी शेट घरी आले.
तीस हजार, वर एक सुरमय.
"कोर्टात जावन काय गावतला तुका, शंभा?
वकील खातलो, तू बघीत रवतलंस."
सुरमय आम्ही खाल्ली.
पाकीट बायकोने उघडलं नाही.

वकीलबाई कांदळगावकरांचं ऑफिस ओरोसला,
झेरॉक्सच्या दुकानावर, जिना अरुंद.
त्यांनी पुस्तकातून माझ्या हाताचा भाव वाचला:
तर्जनी मुळातून गेली तर चौदा टक्के, मधलं बारा,
पण एकाच हाताची दोन गेली तर वीस.
मी मनात बेरीज केली.
"म्हणजे एकदम तुटली म्हणून सहा बुडाले?"
बाई हसल्या, मग हसू आवरलं.
"ते नंतर. आधी तुम्ही तिथे कामाला होतात
हे तर सिद्ध करू."

कारण शेटनी लिहून दिलं होतं:
सदर इसम आमचा कामगार नाही.
अकरा वर्षं पहाटे तीनला
दार उघडायला जाणारा मी, सदर इसम.

"तिथे कधी काही लिहायचात?"
लिहायचो की. कुठल्या होडीला किती लाद्या, त्या चिठ्ठ्या.
कुबल तांडेलाने सगळ्या तारेला टोचून ठेवल्या होत्या,
डिझेलच्या डागांच्या, खाऱ्या वासाच्या,
दोनशे बारा.
अक्षर माझं. लादीतल्या 'ल'ची शेपटी लांब.

दोन वर्षं, सतरा तारखा, एसटीची तिकिटं वेगळी.
चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या गेल्या तेव्हा
शेटचा वकील खिडकीबाहेर बघत होता.
जी बोटं कुणी शोधली नाहीत
ती साक्षीला हजर होती.

तीन लाख सत्तेचाळीस हजार, व्याज धरून.
बाईंनी फी घेतली, पावती दिली.
बंदरावर मला आता कोणी कामाला घेत नाही.
कारखान्यात मात्र नव्या पोरांकडून
हजेरीपटावर सही घेतात म्हणे.

रक्कम मिळाल्याची सही करा, कारकून म्हणाला,
आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला.
मी पेन मागितलं.
डाव्या हाताने लिहिलं, मालंडकर.
'ल' वाकडा आला,
शेपटी आखूड.