नमुना, मिळाला तसा

इमिंगहॅमच्या गोदीमागे आमची लॅब.
खिडकीतून हंबर दिसते, दूध जास्त पडलेल्या चहासारखी,
आणि टँकरांची रांग,
जी मी नोकरीला लागल्यापासून हललेली नाही असं वाटतं.

आज बारा बाटल्या आल्या.
देशाचं नाव सांगत नाही, करारात तसं कलम आहे.
बारा गावं, बारा पंप, बारा लाखेची सीलं
आणि लेबलांवर एकाच हाताची, निवांत सही.

गंधक: नऊ. नऊ. नऊ.
घनता तिसऱ्या दशांशापर्यंत तीच.
बाराव्याला मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.
तरी नऊ.

बेव्हर्ली म्हणाली, "छान की! सगळे पास."
तिला काय सांगू,
बारा गावांचं पेट्रोल असं जुळ्या भावंडांसारखं नसतं.
कुठे टाकीत पाणी झिरपतं, कुठे तळाचा गंज येतो,
सरळ माणसाच्या पंपावरही आकडा थोडा हलतो.
हे एकाच पिंपातलं आहे.
आणि अहवालात "संशय यावा इतकं चांगलं"
असा रकाना नाही.

खोक्याच्या तळाशी, भुशात, तेरावी.
खोकल्याच्या औषधाची बाटली, बूच दोऱ्याने आवळलेलं.
सील नाही. सही नाही.
चिठोऱ्यावर फक्त हमरस्त्यावरच्या मैलाच्या दगडाचा आकडा,
तोही पेन्सिलीने.

नियम साधा: सील नाही तर नमुना नाही.

पाचला बेव्हर्ली बस पकडायला गेली.
मी गाळणकागदावर एक थेंब टाकला.
शेजारी एवढं महागडं यंत्र असताना
ही पंपावरची परीक्षा इथे कोण करतं?
चोख असेल तर उडून जातं, कागद कोरा.
दोन मिनिटं थांबले. मग चार.
कडेने तेलकट वर्तुळ राहिलं,
आणि वास: वातीच्या स्टोव्हचा, ओळखीचा,
इतका ओळखीचा की मी मागे वळून पाहिलं.

अहवाल जाणार त्याच निवांत सहीकडे.
शेवटचं वाक्य छापीलच असतं:
निष्कर्ष फक्त मिळालेल्या नमुन्यांपुरता.
मिळाले किती, ते हाताने भरायचं.

तेरा लिहिलं. पेनने.
मैलाचा आकडा कुठेच लिहिला नाही.
चिठोरं डब्यात ठेवलं, पोळीच्या फडक्याखाली,
आणि घरी जाईपर्यंत
डबा मांडीवर धरून बसले,
आत काहीतरी सांडेल तसा.