दोन बोटं ढील

हर्णैचा लिलाव आटपला
की टपरीसमोर गाड्या लागतात,
आधी बर्फाच्या पाण्याचा वास, मग हॉर्न.
मधू चोगल्याच्या कॅरियरला दोन क्रेट,
बांगड्याचं खारं पाणी थेंब थेंब चेनवर,
रोज, अकरा वर्षं.
"आवाज करते रे," म्हणतो.
करणारच.
मीठ पिनेपिनेत शिरलंय, वरून कातळाची तांबडी धूळ,
स्प्रॉकेटचे दात बघ, मुश्ताक,
मुशीच्या दातांसारखे एका अंगाला वाकलेत.
रॉकेल, ब्रश, चिंधी, नव्वद नंबरचं तेल,
चाक हाताने फिरवत राहायचं,
आणि शेवटी खालून उचलून बघायची:
दोन बोटं ढील.
जास्त ठेवलीस तर वळणावर उतरेल.
ताणून बांधलीस तर
पहिल्या खड्ड्यात बेअरिंगचा जीव घेईल.

पट्ट्याची गाडी मी एकदाच उघडली.
माघात पुण्याचा एकजण घेऊन आला,
एवढी गप्प, की तू विचारलंस, चालू आहे ना?
ना तेल, ना डाग, पांढरी विजार घालून बसावं.
मला आंजर्ल्याची गिरण आठवली,
तिचा पट्टा फटाक् फटाक् बोलायचा,
निसटला की शांताकाकी राळ चोळून
शिव्या देत चढवायची.
ह्याला राळ नको, शिव्या नकोत.
फक्त आड्याच्या उतारावर
वाटाण्याएवढी एक खडी
पुलीत शिरली, आणि भोक.
तुटलाही नव्हता अजून.
पण पट्ट्याला टाका घालता येत नाही.
चेनीची एक कडी गेली तर एक कडी बदलतो,
पट्टा असतो, नाही तर नसतो.
नवा यायला नऊ दिवस लागले.
नऊ दिवस तो इथे स्टुलावर बसून
मधूकडून माशांची नावं शिकला.

शाफ्ट मात्र आमच्या बाबांचा.
तीस वर्षं लाँचवर इंजीन सांभाळलं त्यांनी.
इंजिनापासून पंख्यापर्यंत एक सरळ दांडा
लाकडाच्या पोटातून समुद्रात जातो,
आणि बाबा स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून
त्याच्याशी बोलत.
आता कान गेलेत. बोलणं आम्हीच सोडलं,
ओरडून ओरडून कंटाळा येतो माणसाला.

डॉक्टर खांबिये दाभोळहून आले,
जुनी जर्मन गाडी, म्हशीसारखी जड,
गॅस दिला की मागून उठते.
"हिला काही बघावं लागत नाही," ते म्हणाले,
"सगळं बंद, सगळं तेलात. मिठाला दारच नाही."
बाबा आपले आपण उठले.
दांड्याच्या नळीवर तळवा ठेवला,
डोळे मिटले,
दुसऱ्या हाताने खूण केली: रेस दे.
मी दिली.
बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.
"सांधा गेलाय," म्हणाले, "आखाड बघणार नाही."
डॉक्टर हसले.
मी नट सोडला, तेल थाळीत घेतलं.
तेलात चांदीची भुकटी,
उन्हात फिरवली तर सुरमईच्या खवल्यासारखी.
मग कुणी हसलं नाही.
बंद घरातलं भांडण
असंच कळतं, उशिरा, आणि तेलात.

तू विचारतोस, पैसे जमलेत,
कोणती घेऊ?
दापोलीचा शोरूमवाला सांगेल ते ऐक,
त्याच्याकडे पंखा आहे, माझ्याकडे ग्रीस.
मी एवढंच बघितलंय
की इंजीन कितीही चांगलं असो, चाक कितीही गोल,
मधे जे असतं तेच झिजतं.
काही ओरडत झिजतं, काही गप्प,
काहींवर हात ठेवावा लागतो.

काल रात्री बाबांच्या खोलीत गेलो.
ओरडलो नाही.
पाठीवर हात ठेवून बसलो थोडा वेळ.
"काय रे," म्हणाले, "आवाज येतोय काय कुठे?"

असो. मधू खोळंबलाय,
त्याचा बर्फ वितळतोय.
ती क्लिप उलटी लावलीस, काढ.
उघडं तोंड मागे हवं, चालीच्या उलट,
नाही तर वाटेतल्या कशालाही अडकून
उडून जाईल.
हं. आता ढील बघ.
माझी बोटं नकोत,
तुझी लाव.