हूक

कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागं,
ट्रक दोन दिवस उभा.
हूक सुटेना.
उरणची खारी हवा आत घर करून बसलेली.

भिवसननं रात्रभर डिझेल पाजलं,
सकाळी घण घातले, मग पान्याला पाइप जोडून
दोघं लोंबकळलो.
पाना घसरला, माझं बोट सोललं.
"शिव्या नको देऊ," म्हणाला, "त्याला ऐकू जातं."

गॅसची ज्योत फिरवली, लाल होईस्तोवर,
आणि कंटाळून टपरीवर गेलो.
दुसऱ्या घोटाला मागनं आवाज आला :
टक्.
एवढाच.

निवल्यावर उपसला.
दांड्यावर, आतल्या अंगाला,
छिन्नीनं ठोकलेली अक्षरं : मैनुद्दीन मिस्त्री.
भिवसन अंगठा फिरवत राहिला.
"बसवताना म्हणाला होता, ग्रीस लाव.
मी तेव्हा हेल्पर.
लावलं म्हटलं."