वजा चार

कुताइसी. रात्रीचा दीड.
गेगाच्या पडद्यावर शिकारीच्या खेळाचा मेनू,
आणि बटणाच्या कडेला
जॉर्जियन अक्षरांचे पाय कापलेले.
इंग्रजी शब्द पाटावर मांडी घालून बसले होते इथे.
‘गाग्रद्झेलेबा’, म्हणजे ‘पुढे चालू’,
आखूड खाटेवरच्या उंच पाहुण्यासारखा
दोन्हीकडून बाहेर.

तो आकडे बदलतो. उंची वजा चार.
फॉन्ट बावीसचा वीस.
फाइल सेव्ह, खेळ बंद, खेळ चालू.
अकराव्यांदा तोच लांडगा तसाच गुरगुरतो.

मागे तेंगीझ, त्याचा बाप.
चहाचा पेला डाव्या हातात.
उजवा मार्चपासून खिशातच असतो.
त्या हातानं गावातल्या औषधांच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या,
शिडीवर उभ्यानं, पट्टी न लावता.

“मधोमध नाहीये.”
“आहे, मामा. आकडा बघ.”
(त्यांच्यात बापालाच मामा म्हणतात.)
“आकड्याला डोळे असतात का?
वर घे. केसभर.
आणि ‘ग’च्या पोटाखाली जागा सोड,
गुदमरतोय तो.”

गेगा चिडतो. पण घेतो.
खेळ बंद, खेळ चालू. लांडगा.
शब्द बसतो.
पाय दिसतात, पाचही बोटांसकट.

तेंगीझ काही बोलत नाही.
खिशाच्या कापडाआड तेवढं
काहीतरी हलतं,
डब्याच्या काठावर कुंचला निथळवावा तसं.

‘बाहेर पडा’ अजून थोडं डावीकडे कललेलं.
दोघांनाही दिसतंय.
गेगा खुर्ची सरकवून
बापाला जागा करतो.